इंजिन बंद पडल्यावर

“शेपूट घट्ट धर गं,” सर ओरडले.

“धरलंय. पंचवीस वर्षं तेच करतेय,” त्यांची बायको म्हणाली आणि गवतात बसून तिनं रिमोटवर उडणाऱ्या त्या मॉडेल विमानाची शेपटी दोन्ही हातांनी दाबून धरली. इंजिन खोकलं, मग सुरू झालं. सरांनी कान देऊन आवाज ऐकला, इंधन कमी-जास्त करणारी सुई जराशी फिरवली. एरवी ते विमानाचं नाक आभाळाकडे उचलून इंजिन पुन्हा एकदा तपासत. आज राहून गेलं. आज शेजारी कॅप्टन उभा होता ना!

कॅप्टन म्हणजे त्यांच्या मुलाला खरं विमान चालवायला शिकवणारा. वर्षापूर्वी मुलगा एकटाच उडाला. विमान जमिनीवरून सुटतंय न सुटतंय तोच इंजिन बंद पडलं आणि ते कोसळलं. तेवीस वर्षांचा होता. चौकशी अहवालानं दोन ओळींत निकाल लावला: वैमानिकानं सरळ पुढच्या शेतात उतरायला हवं होतं, तो धावपट्टीकडे परत वळला, त्यात वेग गेला, चूक त्याची. पोरगं गेलं ते गेलंच, वर माथी दोषही आला.

तेव्हापासून सर हात धुऊन कॅप्टनच्या मागे लागले होते. “तुम्ही शिकवलं असतंत तर तो वळलाच नसता. माझा मुलगा एकदा शिकवलेलं जन्मात विसरत नाही,” हे त्यांनी पत्रांत लिहिलं, फोनवर सुनावलं, फ्लाइंग क्लबच्या दारात उभं राहून चारचौघांत ओरडून सांगितलं. कॅप्टनचं उत्तर ठरलेलं. “शिकवलं होतं, सर.” पुढे एक शब्द नाही. माणूस आहे की दगड!

मग सरांनी विमानच बांधायला घेतलं. शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस. आठ महिने हलक्या लाकडाच्या पट्ट्या तासून, जोडून, वर कापड ताणून त्यांनी हुबेहूब मुलाचं विमान केलं. पंखांवरचा नंबरसुद्धा तोच. आजवरच्या त्यांच्या सगळ्या मॉडेलांपेक्षा हे मोठं आणि जड झालं. झाडांच्या उंचीवर गेलं की ते रिमोटवरून इंजिन बंद करणार होते आणि सरळ पुढच्या गवतात अलगद उतरवून दाखवणार होते. त्यासाठी समोरचं गवतही त्यांनी कापून घेतलं होतं. एवढी साधी गोष्ट तुम्ही माझ्या पोराला शिकवली नाहीत, असं आज मुद्दाम बोलावून घेतलेल्या कॅप्टनच्या तोंडावर म्हणायचं. मग त्यानं फक्त ‘माझं चुकलं’ म्हणायचं, आणि तेही हिच्यासमोर. कारण ही वर्षभर धड झोपली नव्हती. ‘त्याचं खरंच चुकलं का हो?’ एवढं एकच विचारत राहायची.

“सोड!” सर म्हणाले.

तिनं शेपूट सोडलं. विमान धावलं, उचललं गेलं. क्षणभर, खोटं कशाला बोला, तिघांनाही बरं वाटलं. ती गुडघे झाडत गाडीकडे गेली. वर बघायची हिंमत तिच्यात नव्हती.

विमान अजून झाडांच्या निम्म्यावरही नव्हतं आणि इंजिन आपणहूनच बंद पडलं. सरांनी बटणाला हातही लावला नव्हता.

समोर कापलेलं गवत मोकळं पसरलेलं होतं. सरांचा अंगठा रिमोटवर हलला. विमान गर्रकन त्यांच्याकडे वळलं, एक पंख खाली गेला आणि ते नाकावर आपटलं. आठ महिन्यांच्या कामाच्या काटक्या झाल्या.

सर चिडून स्वतःशीच बोलायला लागले. “सरळच जायचं होतं मला! ठरवलं होतं! पण हाताला सवय ना मेली. मॉडेलचं इंजिन बंद पडलं की नाक आपल्याकडे वळवायचं, नाहीतर ते झुडपांत जाऊन मोडतं. तो सात वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला...”

ते थांबले. त्यांनी रिमोटवरच्या आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं. मुलाच्या छोट्या अंगठ्यांवर हेच अंगठे ठेवून, मागे उभं राहून, किती शेकडो वेळा त्यांनी ते म्हटलं होतं. माझ्याकडे वळव, बाळा. माझ्याकडे.

“तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

कॅप्टननं होकारार्थी मान हलवली. “सरावात दर वेळी त्याचा हात आधी वळायला जायचा. मग आठवून तो सरळ करायचा. मी ओरडलो की हसायचा. म्हणायचा, हा माझा नाही, बाबांचा हात आहे. त्या दिवशी आठवायला वेळ मिळाला नसेल, सर.”

“आणि वर्षभर माझ्या शिव्या खाल्ल्यात? बोलला का नाहीत?”

“बोलून काय झालं असतं?”

सर गवतात बसले. इतका राग त्यांनी वर्षभर जपला होता, तो आता ठेवायला स्वतःखेरीज दुसरी जागाच उरली नव्हती. आवाज ऐकून त्यांची बायको धावत येत होती. आल्या आल्या तिनं आधी काटक्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे.

“काय झालं हो? सांगा ना! कोणाचं चुकलं?”

सरांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात कॅप्टन पुढे झाला आणि तिला म्हणाला, “माझं चुकलं, काकू. मी त्याला शिकवलंच नव्हतं.”