स्वस्तातला फोन

शोधून शोधून थोर्मोदनं अख्ख्या आइसलँडमधला सगळ्यात स्वस्त सॅटेलाइट फोन घेतला. "चालेल ना रे असला?" हेर्दिसनं विचारलं. "अगं, एकच तर काम आहे त्याला. अडचण आली की बायकोला फोन लावायचा!" असं हसत म्हणून तो मेंढ्या खाली आणायला डोंगरावर गेला.

तिसऱ्या दिवशी अवेळी बर्फाचं वादळ आलं. बरोबरचे सगळे उतरले, थोर्मोद उतरला नाही. हेर्दिस मोबाईल मुठीत धरून खिडकीशी बसली. नेमका तेव्हाच कुठल्यातरी लांबलचक परदेशी नंबरवरून फोन यायला लागला. थोर्मोदला लाइन मोकळी मिळावी म्हणून ती दर वेळी तो कापायची. चौथ्यांदा वाजल्यावर मात्र ती ओरडली, "मेल्यांनो, आजच सुचतंय का लोकांना लुबाडायला?" आणि तिनं तो नंबर ब्लॉकच करून टाकला.

संध्याकाळी बचाव पथकातला ओर्वार दारात आला. "वहिनी, त्याच्या नव्या फोनचा नंबर द्या पटकन. कुठे आहे ते कळेल."

नंबर तिला कुठला पाठ असायला! तिनं फोनचं खोकं शोधून काढलं.



खोक्यावरचा नंबर तिनं दुपारीच ब्लॉक केला होता.