खुर्च्यांचे पाय

शेजारशेजारच्या देशांचे दोन मंत्री सरहद्दीची बोलणी करायला आले खरे, पण "त्यांची खुर्ची आमच्यापेक्षा उंच!" म्हणून एक जण दारातच अडला. तातडीनं सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी उंच खुर्चीचे पाय बोटभर कापले, तर त्या बाजूचे मंत्री कडाडले, "आता आमची बुटकी झाली!" मग दुसरीचे कापले, पुन्हा पहिलीचे. करता करता पायच संपले आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन्ही मंत्री मुकाट्यानं खाली गालिच्यावर टेकले.

"तुमचेही गुडघे वाजतात?"

"नाव काढू नका!"

दोघं खो खो हसले आणि बोलणी सुरू झाली.

संध्याकाळी घरी बातम्या ऐकताना काकांना चहाचा जोरदार ठसका लागला.



"दोन्ही देशांमध्ये आज उच्चस्तरीय बैठक पार पडली."