अर्धी टाकी

वस्तीच्या चढावर पिकअपनं मान टाकली. बॉनेटमधून वाफ निघाली तसं महेंद्रनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून आधी मागच्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले. ट्रॉलीवर दोन हजार लिटर पाण्याची टाकी, आणि ती ओढणारी गाडी केव्हाच घरी बसवायला हवी अशी. पण तिला घरी बसवलं तर महेंद्रलाही बसावं लागलं असतं. म्हणून दोघं आपले कल्याणहून डोंबिवलीला पाणी ओढत होते.

नको तिथंच नेमकी थांबली, तो मनात म्हणाला. इथल्या नळाला पाणी येईल तेव्हा येई. टाकी दिसली की बायका हंडे घेऊन बाहेर पडत, आणि महेंद्र गेलं वर्षभर काच वर करून, कुणाकडे न बघता गाडी पुढे काढत आला होता.

आजही हंडे आलेच.

"टाकी उघडायची नाय," तो म्हणाला. "सोसायटीचं पाणी आहे."

"एका हंड्यानं काय आटणार आहे का तुझी टाकी?" एकीनं विचारलं.

एका हंड्याचं काहीच नव्हतं. पण एकीला दिल्यावर दुसरीला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? बघता बघता टाकी अर्धी होते, आणि अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. भरलेल्या टाकीत पाणी गप्प बसतं. अर्ध्या टाकीतलं पाणी उतारावर ब्रेक दाबला की धावत पुढे येतं आणि गाडीला मागून ढकलतं. जुन्या गाडीचे ब्रेक त्याच्यापुढे काय पुरे पडणार? मागच्या वर्षी ठाकुर्लीच्या पुलाच्या उतारावर हीच पिकअप अशीच ढकलली गेली आणि कठड्यावर आदळली. तेव्हा स्टिअरिंगवर महेंद्रचा धाकटा भाऊ होता, धम्मपाल. गाडी दुरुस्त झाली. धम्मपाल गेला.

ट्रॉली उलटली नव्हती, म्हणून सगळ्यांना दिसलं की टाकीत निम्मंच पाणी आहे. निघताना तर ती काठोकाठ भरलेली. मग बाकीचं गेलं कुठं? वाटेत विकलं असणार, असं पाणीवाल्या शेठनं सांगून टाकलं. धम्मपालच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसाच्या विधीला, वंदना संपते न संपते तोच मांडवात तीच कुजबुज सुरू झाली. महेंद्रनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही, कारण त्यालाही तेच वाटत होतं. चार पैशांसाठी जीव घालवला मूर्खानं, असं तो त्या संध्याकाळी आईसमोर, गोदूबाईसमोर, बोललासुद्धा. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. धाकट्याची लाज खात असेल तिला, असं महेंद्र धरून चालला होता. तो स्वतः भावासाठी रडायला बसला की राग यायचा आणि रागवायला गेला की रडू. वर्षभर असंच चाललेलं. माणूस पार थकून गेला होता.

इंजिन निवेपर्यंत तो एका ओट्यावर टेकला. बायका चिडून निघून गेल्या. तेवढ्यात शेवटच्या खोलीतली जाईबाई, चांगली ऐंशीच्या घरातली, कमरेवर कळशी घेऊन सावकाश आली. कळशीच्या तळाला थोडं पाणी होतं.

"घे, गाडीत घाल," ती म्हणाली.

"राहू द्या आजी. तुम्हालाच नाय पाणी."

"अरे, याच गाडीचं पाणी प्यालोय आम्ही. आधी एक पोरगा यायचा, हसरा. रोज थांबून दोनचार हंडे द्यायचा. पैसे पुढं केले की हात जोडायचा. म्हणायचा, आजी, आपण तरी पाण्याला कुणाला नाय म्हणायचं नसतं."

महेंद्र उठून उभा राहिला.

"शेवटचा आला ना, तेव्हा आठवडाभर नळ कोरडे होते," जाईबाई सांगत होती. "सगळी वस्ती लायनीत. त्यानं एकालापण परत पाठवला नाय. अर्धी टाकी आम्हीच संपवली असेल. त्यानंतर काय दिसला नाय बघ. कुठं गेला रे तो?"

महेंद्रनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर या म्हातारीच्या घशाखाली पुन्हा पाणी उतरलं नसतं.

"दुसऱ्या गाडीवर गेला," तो म्हणाला.

"त्याला सांग, जाईआजीनं आठवण काढलेली."

"सांगतो."

त्यानं तिच्या हातातली कळशी घेतली, टाकीपाशी नेली आणि कॉक पूर्ण उघडला. मग बायकांना हाक मारली. "या सगळ्या. पण अर्धी सोडायची नाय. टाकी पार रिकामी झाली पाहिजे." सोसायटीसाठी पुन्हा कल्याणला जाऊन भरून आणावी लागणार होती, वर शेठच्या शिव्याही खायच्या होत्या. खाऊ शिव्या, तो मनाशी म्हणाला.

बाजूला जाऊन त्यानं घरी फोन लावला.

"आई," तो म्हणाला. "धम्मानं पाणी विकलं नव्हतं. लोकांना फुकट दिलेलं."



"मला माहीत होतं, माझं पोर पाणी विकायचं नाय," गोदूबाई म्हणाली. "तुला कधी कळतंय, त्याची वाट बघत होते."