मेढीला बांधलेला भाऊ

काठी लडक्याच्या कानावर बसली, तसा विनोद धावत येऊन त्याच्या अंगावर आडवा पडला.

"बस करा काका. भाऊ आहे तो माझा."

पुढचा फटका विनोदच्या पाठीवर बसला. मग कुठे रघ्याकाकाने काठी खाली केली.

झरीच्या पाड्यावरची माणसं अंगणात जमली होती. पडवीच्या खांबाला, मेढीला, लडक्याला कासऱ्याने करकचून बांधलं होतं. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. अंगाने मात्र दांडगा. त्याचे हात आणि सदरा रक्ताने माखले होते. रक्त त्याच्या वहिनीचं, म्हणजे विनोदच्या बायकोचं, रखमीचं होतं. ती आत पडली होती. कपाळ फुटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला.

"भातकापणीला हात मोडला तिचा. आज डोकं फोडलं," रघ्याकाका म्हणाला. "मुक्याच्या अंगात काय शिरतं कोण जाणे. उद्या पोरांवर धावेल."

"त्याला समजत नाही काका. मी बघतो त्याचं," विनोद म्हणाला. त्याच्या दंडावर दातांचे ताजे व्रण होते. तेही लडक्याचेच.

लडक्या घशातून आवाज काढत घराच्या दाराकडे ओढ घेत होता. मेढ हलली. माणसं मागे सरली आणि कोणीतरी दगड मारला. लडक्याचा ओठ फाटला.

तेवढ्यात अंगणवाडीची प्रगतीताई आली आणि सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या धाकट्या भावालाही ऐकू येत नव्हतं. तो डहाणूत खुणांची भाषा शिकला होता, आता तिथेच शिवणकाम करत होता.

"मुका म्हणजे वेडा नव्हे," ती म्हणाली. "याला कोणी काही शिकवलंच नाही, तर हा सांगणार कसा?"

"मग रखमीलाच विचारा ना," रघ्याकाका म्हणाला.

प्रगती आत गेली. विनोद तांब्याभर पाणी घेऊन तिच्या मागोमाग आला, रखमीच्या उशाशी बसला, तिच्याच पदराने कपाळावरचं रक्त पुसू लागला.

"कोणी मारलं तुला?" प्रगतीने विचारलं.

रखमीने मान खाली घातली. "दिराने."

बाहेर आल्यावर प्रगतीने एवढंच सुचवलं, की लडक्याला डहाणूच्या संस्थेत ठेवू. तिथे खुणा शिकवतात, कामही शिकवतात. विनोदने लगेच हात जोडले. त्याचे डोळे भरून आले.

"तिथे तरी त्याला कोणी मारणार नाही, ताई."

असा भाऊ प्रत्येकाला मिळायला हवा, असं प्रगतीला वाटलं.

त्याच आठवड्यात संस्थेची जीप आली. विनोदने लडक्याला नवा सदरा घातला, केस विंचरले. पण जीप पाहताच लडक्या बिथरला. जीपच्या दाराला पाय लावून त्याने विनोदच्या तोंडावर डोकं हाणलं. नाकातून रक्ताची धार लागली. रघ्याकाका आणि आणखी दोघांनी लडक्याचे हात पिरगाळून, लाथा घालून त्याला मागच्या सीटवर कोंबलं.

"बघितलंत ना, ताई?" रघ्याकाका धापा टाकत म्हणाला.

प्रगतीने लडक्याला खुणा करून पाहिल्या. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तो घराकडे बघून काचेवर मुठी आपटत होता. प्रगती त्याच्या शेजारी बसणार होती. ती पुढे, ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

विनोद नाक धुवायला नळावर गेला. जीप सुरू झाली.

तोच घरातून रखमी आली. भिंतीला धरत, मग धावत. तिने प्रगतीच्या बाजूची खिडकी दोन्ही हातांनी घट्ट पकडली. नळाकडे एकदा वळून पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"ताई, त्याला उतरवा. तो मधे पडतो म्हणून मी अजून जिवंत आहे."