गच्चीवरच्या दोऱ्या

"पुढचं चित्र," साहेब म्हणाले.

तिने बटण दाबलं नाही.

सभागृह वार्ताहरांनी खचाखच भरलं होतं. भिंतीएवढ्या पडद्यावर सीमेपलीकडच्या एका इमारतीचं आकाशातून टिपलेलं छायाचित्र. हा शत्रूचा दारूगोळ्याचा साठा आहे, विमानं निघाली आहेत, थोड्याच वेळात इथे मातीचा ढीग उरेल, असं हेरखात्याच्या या प्रमुखांनी आत्ताच छातीठोकपणे सांगितलं होतं. ती त्यांच्याच खात्यातली विश्लेषक. अशी छायाचित्रं वाचण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आज तिचं काम एवढंच होतं, साहेब म्हणतील तेव्हा चित्र बदलायचं.

"अगं, डोळा लागला का तुझा? पुढचं!"

हशा पिकला. तिने तेच चित्र मोठं केलं. गच्ची दिसली. आणखी मोठं केलं. गच्चीवर दोऱ्या, दोऱ्यांवर ओळीने छोटे पांढरे तुकडे.

"हे लंगोट आहेत," ती म्हणाली. "तान्ह्या बाळांचे. गणवेश असते तर बाह्या लोंबल्या असत्या. हे प्रसूतिगृह आहे. सकाळीच मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, सैनिकही कपडे धुतात."

"एवढेसे घालून लढतात होय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पडदा बंद करा!" साहेब गरजले. "तुरुंगात सडशील तू!"

पहारेकरी धावले. तिने टेबल घट्ट धरून ठेवलं.

"बातमी नंतर लिहा! आधी तिथे फोन लावा! नंबर घ्या!" ती वार्ताहरांना म्हणाली.

सकाळीच शोधून ठेवलेला प्रसूतिगृहाचा नंबर तिने सांगितला आणि सगळ्यांनी तो एकदमच फिरवला. ज्याला त्याला एंगेज.

"अरे, ठेवा रे खाली! ताई, तुम्ही एकट्याच लावा!" एक वार्ताहर ओरडला.

ताई म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी वार्ताहर. तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि माइकसमोर धरला. रिंग वाजत राहिली, वाजतच राहिली. मग एका बाईचा आवाज आला.

"बाहेर पडा! सगळ्यांना घेऊन बाहेर पडा!" अख्खं सभागृह ओरडलं.

"अहो, ओरडताय काय असे?" पलीकडची बाई वैतागली. "बाळं आत्ता कुठे झोपलीत."

सगळे गप्प झाले. विश्लेषकेचे दंड धरलेले पहारेकरीसुद्धा जागच्या जागी थबकले.

साहेबांनी खिशातून स्वतःचा फोन काढला.

"विमानं परत बोलवा," ते म्हणाले. अगदी हळू.