मृतांची रांग

मृतांची रांग जिवंतांच्या रांगेआधी आत सोडली होती. नियमच तसा होता. तह मान्य की अमान्य, हे लोकांनी मत देऊन ठरवायचं म्हटल्यावर तहाच्या विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. जे लढून गेले, त्यांना कोण विचारणार? शेवटी सरकार नमलं. युद्धात मेलेल्या प्रत्येकाला एक मत मिळालं. ते जवळच्या नातेवाइकानं टाकायचं, आणि स्वतःच्या मताच्या आधी टाकायचं.

शाळेच्या व्हरांड्यात शंभरेक माणसं उभी होती, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. फाटकाबाहेर जिवंतांची रांग मात्र नेहमीसारखी भांडत होती. तिचा आवाज भिंतीपलीकडच्या बाजारासारखा ऐकू येत होता.

गणवेश शिवणाऱ्या बाईच्या हातात दोन कागद होते. एक मुलाच्या मृत्यूचा दाखला. 'देह मिळाला नाही' ही ओळ त्यावर छापीलच होती. असे दाखले हजारोंनी काढावे लागले होते. दुसरा कागद म्हणजे त्याचं पत्र. पोरगा डावखुरा. लिहिताना त्याचा हात ओल्या शाईवरून फिरायचा, त्यामुळे प्रत्येक अक्षर उजवीकडे फरफटल्यासारखं दिसायचं. 'जिंकल्याशिवाय परत येणार नाही,' असं त्यानं लिहिलं होतं.

धाकटा दीर तिच्यासोबत आला होता. दंडावर विरोधकांची काळी फीत, खिशात वॉर्डाची यादी. गल्लीवर बॉम्ब पडला त्या दिवशी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गणवेश पोचवायला गेली होती, म्हणून वाचली. बारा घरं गेली. दिरानं तिला नदीपलीकडे स्वतःच्या घरी नेलं, आपल्या शिधापत्रिकेवर घेतलं, आणि एका शब्दानंही कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. पत्ता बदलायला ती दोनदा कचेरीत गेली, तर खिडकीतल्या माणसानं तुमच्या गल्लीची फाइल बंद झाली असं सांगून परत पाठवलं. गल्लीच उरली नाही, तर फाइल कशाला उरेल, असं म्हणून तिनं तो नाद सोडला होता.

"वहिनी, पत्र त्याच्या हातचं आहे," दीर हळूच म्हणाला. "यात विचार कसला करायचा?"

"पहिल्या महिन्यातलं पत्र आहे ते, भावजी."

"मग दुसऱ्या महिन्यात मन बदललं होतं का त्याचं?"

"दुसऱ्या महिन्यात बूट मागितले होते."

विषय बदलावा म्हणून दीर सरकारला शिव्या घालू लागला. ऐन मतदानाच्या तोंडावर शत्रूकडून आजारी कैद्यांच्या दोन गाड्या आणल्या, लोकांना पाघळवायला. पण त्यांची नावं काही आम्ही छापू दिली नाहीत. इस्पितळातून बाहेरही येऊ दिलं नाही. आज मतापुरते सोडणार आहेत म्हणे. हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

ती ऐकत नव्हती. स्वतःचं मत तिनं कधीच ठरवलं होतं: तह. आणखी कुणाच्या पोराचा गणवेश तिला शिवायचा नव्हता. पण हे मत तिचं नव्हतं. पोराच्या तोंडून खोटं बोलायचं नाही, एवढं ती स्वतःला बजावत होती, आणि खरं काय ते काही केल्या कळत नव्हतं. पत्र खरं की बूट?

रांग सरकली. वर्गात फळ्याखाली टेबल, त्यावर जाड नोंदवही आणि तिच्यामागे चष्मेवाला कारकून.

"घर क्रमांक?"

"अकरा. बॉम्ब पडला त्या गल्लीतलं."

"मृताशी नातं?"

"आई."

कारकुनाचं बोट पानावरून खाली गेलं आणि थांबलं. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"या घरातलं मृताचं मत सकाळीच पडलंय, बाई. एकच होतं."

तिनं वळून दिराकडे पाहिलं. एवढ्यासाठी तू हेही केलंस, असं तिला विचारायचं होतं. पण दिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही चोरी आहे, मेलेल्याचं मत सरकारनं पळवलं, असं तो पुटपुटत होता. तेही त्याला नीट जमत नव्हतं.

"टाकणारा काठी टेकत आला होता," कारकून म्हणाला. "दार उघडल्या उघडल्या. मताची चिठ्ठी हातात घेऊन त्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिला. म्हणाला, काय टाकावं कळत नाही, विचारायला माणूसच उरलं नाही."

"सही दाखवा," ती म्हणाली.

कारकुनानं वही फिरवली. सहीची अक्षरं उजवीकडे फरफटत गेली होती.

तिनं सहीवर बोट ठेवलं आणि ओळीवरून ते मागे नेलं. मत टाकणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलगा. त्याच्या आधीच्या, मृताच्या रकान्यात लिहिलं होतं, आई.