घरी बसायचा करार

स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळं व्हावं की नाही, यावरच्या मतदानात माझं 'हो' आणि माझ्या नवऱ्याचं, मर्डोचं, ठाम 'नाही'. "तुझं एक, माझं एक, फिटंफाट! कशाला पेट्रोल जाळायचं? त्या दिवशी दोघं घरीच बसू," असं तोच म्हणाला आणि आम्ही हातावर हात मारला. मग त्यानं मेंढ्यांच्या अनुदानाचे कागद पुढे सरकवले. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तो बोट ठेवेल तिथे मी सही केली, नेहमीसारखी.

मतदानाच्या दिवशी दुपारी तो मेंढ्या बघायला डोंगरावर गेला आणि मला काही राहवेना. नातवंडांचा देश कोणता, हे ठरणार होतं हो! शेजारणीच्या गाडीतून गावच्या हॉलवर गेले खरी, पण वाटभर मन खात होतं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला दिलेला शब्द पहिल्यांदाच मोडत होते.

टेबलाशी पोस्टमनची मुलगी इशबेल बसली होती. तिनं यादीवरून पट्टी खाली सरकवली, माझ्या नावाशी थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली.


"अहो एफीकाकू, तुमच्या वतीनं मर्डोकाकांनी मत द्यावं असा तुमच्या सहीचा अर्ज आहे ना, ते सकाळी सातलाच येऊन दोन्ही मतं टाकून गेले, म्हणाले, एफीनं शब्दच घेतलाय माझ्याकडून!"